पाराखालचं पेव

"कुणाचा रं तू?" वेसकरानं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मी कितीतरी दिवस घोकून आलो होतो आणि ऐन वेळी माझी दातखीळ बसली. समोर मांदळी गावची वेस होती, बाभळीच्या काटेरी फांद्या रचून अर्धी बुजवलेली. उरलेल्या अर्ध्या वाटेत भाला आडवा धरून राणू वेसकर उभा होता. डोक्यावर चैत्राचं ऊन होतं, सवय नसलेल्या वहाणांनी पायाला फोड आले होते. आणि मी कुणाचा म्हणून सांगू? माझा जन्म व्हायलाच अजून सहाशेवर वर्षं जायची होती.

"केसो," मी म्हणालो.

"नाव न्हाई इचारलं. कुणाचा ते इचारलं. बाप कोण, गाव कोणतं, हितं तुला वळखतं कोण?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. बहुधा मी भाल्यालाच धरलं असावं, कारण राणूनं तो हिसडा मारून मागे घेतला. तेवढ्यात माझ्या पाठीमागून एका बाईचा आवाज आला.

"राणूदादा, बाजूला व्हा. पडंल त्यो."

डोक्यावर ओल्या चिकणमातीची पाटी घेऊन एक बाई उभी होती. उंच, काळीसावळी, कोपरापर्यंत हात मातीनं माखलेले. हीच एल्हाई.

"परका हाय, एल्हाई. पाटलांनी काय सांगितलंय ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय. उन्हात मरू द्यायचा का, तेवढं पाटलांना इचारून या. तवर मी ह्याला पाणी पाजते."

राणूला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. एल्हाईनं पाटी खाली ठेवली, वेशीतली चिमूटभर धूळ उचलली, पदराच्या टोकात घालून गाठ मारली. राणूचा चेहरा एकदम उतरला.

"इचार कर, बाई."

"केला," ती म्हणाली आणि मला दंडाला धरून आत घेऊन गेली.

त्या गाठीचा अर्थ मला तिच्या ओसरीवर बसल्यावर कळला. घोडेस्वारांच्या धाडी सुरू झाल्यापासून मांदळीत परक्याला थारा नव्हता. कधी या राजाचे स्वार यायचे, कधी त्या राजाचे, आणि त्यांच्या आधी त्यांचा माणूस यायचा, बैरागी नाहीतर वाटसरू होऊन, गावात काय आहे ते हेरायला. म्हणून गावानं रीत पाडली होती. परक्याला आत घ्यायचं तर कुणीतरी वेशीतली धूळ पदराला बांधायची. तो पाहुणा त्याच वेशीतून बाहेर पडेपर्यंत त्यानं केलेलं बरंवाईट सगळं त्या पदराच्या मालकिणीच्या डोक्यावर. मला पाण्याचा तांब्या देताना हे तिनं असं सांगितलं, की जणू आज कोणती भाजी केली ते सांगते आहे.

आता मी कोण तेही सांगून टाकतो. मी जमीन खणून जुनी गावं शोधणारा माणूस. मांदळीची आमच्या काळात पांढर तेवढी उरली होती, ओढ्याकाठचं एक ओसाड टेकाड. त्या टेकाडावर मी कित्येक हिवाळे काढले होते. माणसाला मागच्या काळात पाठवायचं यंत्र आमच्या संस्थेतल्या हुशार लोकांनी कसं बनवलं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आज म्हातारपणीही कळत नाही. मला एवढंच सांगितलं होतं, की ओढ्याकाठच्या उंबराखाली उतरायचं, दिवसभर बघायचं, आणि सूर्य बुडायच्या आत त्याच उंबराखाली येऊन उभं राहायचं. चुकलास तर दुसरी खेप नाही. कशाला हात लावायचा नाही, कुणाला काही सांगायचं नाही. निवड माझी झाली, कारण त्या टेकाडाची धूळ माझ्याइतकी कुणाच्याच नाकातोंडात गेली नव्हती.

बोलणं मात्र मी त्यांचं शिकून गेलो होतो. ते इथे जसंच्या तसं लिहिलं तर वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येईल, म्हणून आजच्या खेड्यातल्या बोलीत घालून सांगतो आहे.

एल्हाईनं मला भाकरी, जवसाची चटणी आणि ताक वाढलं. चटणीत मिरची नव्हती, कारण मिरची अजून या देशात यायचीच होती. पण मी अधाशासारखा जेवलो. ती उंबऱ्यात बसून पायाची माती सोलत होती.

"एवढी माती कशाला लागते?" मी विचारलं.

"लिंपायला." कशाला लिंपायला, ते ती बोलली नाही. "माझ्या मालकाचं काम व्हतं. आता मी करते."

"मालक कुठे गेले?"

"घोडेस्वार आले व्हते गेल्या साली. त्यांनी चांगोला धरलं. धान्य कुठं पुरलंय इचारलं. त्यानं सांगितलं न्हाई."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली. "सांगितलं न्हाई."

तिनं ताकाची वाटी पुढे सरकवली. मला वाटलं ती रडेल, पण ती मला नीट न्याहाळत होती, की या माणसाला एवढं बोललेलं कळलं का नाही.

जेवण झाल्यावर म्हणाली, "चल, देवाच्या पाया पडून ये. मंग पाटलांना भेट, म्हंजी लोकांची तोंडं बंद हुतील."

आम्ही निघालो. काय सांगू तुम्हाला, माझी काय अवस्था झाली होती. जी भिंत मी जमिनीत वीतभर उरलेली बघितली होती ती इथे डोक्याइतकी उभी होती आणि तिच्यावर कुणाचं तरी लुगडं वाळत होतं. ज्या चुलीची राख मी गाळून बघितली होती ती पेटलेली होती. मी वेड्यासारखा इकडे तिकडे बघत चाललो होतो, आणि पाय आपले आपण चालत होते. तिथेच घात झाला.

खळ्यातून जाताना मी वाकडा चाललो. सारवलेलं, सपाट, रिकामं खळं. त्याच्या मधोमध नाकासमोर जायचं सोडून मी एका जागेला चांगला वळसा घातला आणि पुन्हा वाटेला लागलो. मला त्याचं काही भानच नव्हतं. पण एल्हाई जागच्या जागी थांबली.

"पुढं चल," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "देवळाच्या डाव्या अंगानं जा."

मी गेलो, आणि देवळाच्या डाव्या बाजूलाही तसाच एक वळसा घातला. देवळाच्या पायरीवर नागो गुरव बेलाची पानं निवडत बसला होता. त्याचे हात थांबले.

एल्हाई माझ्या अगदी जवळ आली. "तू आत्ता दोनदा वळसा कशाला घातलास?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दोन्ही जागी खाली पेवं होती. धान्य साठवायचे ते खोल खड्डे, रांजणासारखे, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद, आतून लिंपलेले. आम्ही ती खणली तेव्हा तोंडाभोवती दोरी बांधली होती, आणि दोरीच्या आत पाय टाकणाऱ्याला मी आईबापांवरून बोललो नसेन एवढंच. इतके हिवाळे त्या दोरीला वळसा घालून माझ्या पायांना सवय लागली होती. सहाशे वर्षं मागे येऊनही ते पाय न बांधलेल्या दोरीला मान देत होते.

आणि ही पेवं कुठे आहेत ते मांदळीत फक्त तीन घरांना माहीत होतं. पाटील, गुरव, आणि ती लिंपणारं चांगोचं घर. बाकीच्यांना मुद्दामच सांगितलेलं नव्हतं. ज्याला ठाऊक नाही तो मार खाऊनही काय सांगणार?

घटकाभरात सगळं गाव पाराभोवती जमलं. देवळासमोर मोठा जुना निंब होता, त्याला दगडी पार बांधलेला. पारावर मायदेव पाटील बसले होते, पांढऱ्या मिशांचे, दमेकरी. त्यांच्या शेजारी नागो गुरव. मला पुढ्यात उभं केलं होतं. माझ्या बाजूला, हातभर अंतरावर, एल्हाई.

"दोन ठिकाणी वळसा घातला, पाटील," नागो गुरव म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी बघितलं. भुईवर काडीची खूण न्हाई. मी न्हाई सांगितलं, तुम्ही न्हाई सांगितलं. मंग राहिलं कोण?"

गर्दीतून एक कुजबूज फिरली. पाटलांनी एल्हाईकडे बघितलं, आणि मला त्या म्हाताऱ्याची दया आली. चांगो त्यांचा लहानपणापासूनचा सोबती होता, हे मला मागून कळलं.

"कुणाचा माणूस तू?" त्यांनी मला विचारलं. "तुला जागा दावली कुणी?"

"कुणी नाही."

"मंग कळलं कसं?"

मी एल्हाईकडे बघितलं.

"गावची रीत ठावं हाय तुला, एल्हाई," पाटील सावकाश म्हणाले. "हेराला पेवात सोडून वर झाकण लिंपायचं. आन् सांगणाराचं घर पाडायचं, नाव टाकायचं. चांगोचं घर हाय म्हणून... मला बोलवत न्हाई."

वेस माझ्या पाठीमागे होती, उघडी. राणू वेसकरसुद्धा सभेला आला होता. पळालो असतो तर उंबर फार लांब नव्हता. पण एल्हाईनं पदराची गाठ पुढे धरली होती.

"हा माझा पाहुणा. ह्यानं काय केलं आसंल त्ये माझ्या डोक्यावर. ह्याच्या आधी मला पेवात घाला, माझं म्हणणं न्हाई. पण चांगोच्या घरातनं बोल भाईर पडला असं म्हणू नका. त्यो बोलला न्हाई, मी बोलले न्हाई. त्याची नखं उपटली तवा त्यो बोलला न्हाई, पाटील, आन् मी वाटसराला भाकरी वाढताना बोलीन?"

मग मागून एक पुरुष म्हणाला, "मंग ह्याला कळलं कसं?" तशी ती माझ्याकडे वळली. तिच्या नजरेत राग नव्हता. मी तिला या संकटात घातलं होतं आणि ती मला विचारत होती, की आहे का तुझ्याजवळ काही?

होतं. म्हणजे, सांगू नये असंच होतं. पण तिनं तसं बघितल्यावर पळायचा विचार माझ्या मनातून कायमचा गेला.

"पाटील," मी म्हणालो, "मला जे ठाऊक आहे ते या बाईला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. गावात आज जिवंत असलेल्या कुणालाच नाही. तुम्ही बसला आहात त्या पाराखाली आणखी एक पेव आहे."

गुरव हसला. पाटील हसले नाहीत.

"हा पार माझ्या पणज्याच्याही आधीचा हाय."

"पेव त्याच्याही आधीचं आहे. निंबाच्या उगवतीला, तिसऱ्या दगडाखाली. खणून बघा. निघालं तर एवढं मान्य करा, की मला कुणी सांगितलेलं नाही. कारण सांगणारं कुणी उरलेलंच नाही."

त्यांनी थोडा विचार केला आणि ते पारावरून खाली उतरले. पहारी आल्या. दगड सरकवायला चौघे लागले. खाली मुरूम, मुरमाखाली चुनखडीची एक वाटोळी शिळा. ती उलथली आणि आतून कोंदट, आंबूस वास वर आला. पुढे सरलेले सगळे मागे हटले. काठाशी एल्हाई तेवढी राहिली.

पेव उघडलं की आधी दिवा सोडून बघायचा, हे तिथं लहान पोरालाही माहीत होतं. दोरीला पणती बांधून सोडली. दोन माणसांच्या उंचीइतकी खोल गेली आणि फुंकर मारल्यासारखी विझली. वर ओढताना दोरी निसटली आणि पणती तळाशीच राहिली. ती अजून आहे. आमच्या संस्थेच्या कपाटात, क्रमांक घातलेली.

"नुसता खड्डा हाय," नागो गुरव म्हणाला. पण आता त्याच्या बोलण्यात जोर नव्हता. "जुनी कोरडी हीर आसंल. पेव कशावरनं?"

"तळाला धान्य असेल," मी म्हणालो. "काळं पडलेलं."

"मंग काढून दाव."

"आज कुणी उतरणार न्हाई," पाटील म्हणाले. "इखारी हवा हाय. रातभर तोंड उघडं ऱ्हाऊ द्या. उद्या बघू."

उद्या. मी पश्चिमेकडे बघितलं. उन्हं घरांच्या पाख्यांवर चढली होती. पण त्या विहिरीसारख्या काळोखात आज उतर असं मी कुणाला आणि कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

"उद्या न्हाई," एल्हाई म्हणाली.

"बाई, दिवा इझला त्यो बघितलास न्हवं?"

"बघितला. पर उद्यापातुर गाव काय म्हणत निजंल? चांगोच्या बायकूनं सांगितलं, असंच ना? एक रात जरी तसं म्हणत निजलं, तरी त्ये बोलणं जन्मभर ऱ्हाणार. आज शंका आली, आज फिटू द्या." तिनं निंबाची एक डहाळी ओढली. "फांद्या तोडा. वर-खाली करा. हवा हालंल."

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. ज्यांनी आत्ता तिच्यावर संशय घेतला होता त्याच लोकांनी निंबाच्या पानाळ फांद्या दोराला बांधल्या आणि पेवात सोडून वर-खाली ओढायला सुरुवात केली. मीही ओढत होतो. हाताची सालटी निघाली. पुन्हा दिवा सोडला. या खेपेला तो खोल गेला, बारीक झाला, निळसर झाला, पण लगेच विझला नाही.

"बास," एल्हाई म्हणाली. तिनं कासोटा घट्ट केला, दोर कमरेला आवळला, आणि दोराचं टोक माझ्या हातात दिलं.

"परक्याच्या हातात?" राणू वेसकर म्हणाला.

"त्यानंच हितवर आणलंय. त्यालाच धरू दे. दादा, तुम्ही त्याच्या मागं ऱ्हावा." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मी दोर हालवला की वढ. न्हाई हालवला तरी वढ. पर घाई करू नगंस. मूठ भरू दे."

तिनं छाती भरून श्वास घेतला आणि ती उतरली.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ धाडसी माणसं बघितली आहेत. त्यातल्या बहुतेकांना धाडस करताना आपण धाडस करतो आहोत हे ठाऊक होतं. या बाईला आपण फक्त घरातलं एक राहिलेलं काम उरकतो आहोत असं वाटत होतं. दोर माझ्या हातातून सरकत होता. मग सैल पडला. ती तळाला पोचली होती. मी वाट बघितली. दोर हलला नाही. माझ्या शेजारी पाटलांचा दमा शीळ घालत होता. दोर हलला नाही.

"वढ," नागो गुरव ओरडला, आणि दोराला पहिला हात त्याचा लागला, माझ्याही आधी.

आम्ही ओढलं. ती वर आली ती मान टाकून, ओठ निळे पडलेले. पारावर तिला आडवी केली, कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी पाय चोळले. मी छाती दाबायला पुढे झालो आणि बायकांनी मला ढकलून दिलं. मग तिला ठसका लागला. एक, दुसरा. तिनं डोळे उघडले आणि जीव आमच्या सगळ्यांचाच भांड्यात पडला.

उजवी मूठ तिनं अजून आवळलेली होती. पाटलांनी ती बोटाबोटानं सोडवली. आत जोंधळे होते, कोळशासारखे काळे, दाण्याचा आकार राखून असलेले. पाटलांनी एक दाणा चिमटीत धरला आणि त्याची राख झाली.

नागो गुरवानं तो चुरा घेऊन कपाळाला लावला. "हे आपल्यातल्या कुणाच्या बापानं भरल्यालं न्हाई," तो म्हणाला. "एल्हाई, माझी जीभ झडू दे."

"एल्हाई, चुकलं," पाटीलही म्हणाले, सगळ्यांसमोर, उभं राहून.

ती कोपरावर रेलून उठली. आवाज घोगरा झाला होता. "शंका घ्यायालाच पायजे व्हती. तुम्ही शंका घेतली नसती, तर चांगो फुकट मेला म्हणायचा."

हे ऐकून पाटलांनी डोळ्यांना उपरणं लावलं. मीही दुसरीकडे बघितलं.

पण माझ्यापुरतं प्रकरण आता जास्तच बिघडलं होतं. काहीजण मला हात जोडत होते, काहीजणांनी काठ्या सरसावल्या होत्या. पाटलांनी त्या दोन्ही गटांच्या मनातलं बोलून दाखवलं.

"ह्याला भुईखालचं दिसतं. देव आसंल न्हाईतर भूत आसंल. पर उद्या ह्यो त्या घोडेस्वारांच्या हाती लागला, तर आपलं एक पेव ऱ्हाणार न्हाई. ह्याला सोडता येणार न्हाई."

बोलणं अगदी रास्त होतं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच बोललो असतो. उन्हं पाख्यांवरून निंबाच्या शेंड्यावर गेली होती.

"ह्यो माझ्या गाठीनं आत आलाय," एल्हाई म्हणाली आणि झोकांड्या खात उभी राहिली. "माझ्या गाठीनं भाईर जाईल. रीत तुम्हीच घातली. त्यो त्यांच्या हाती लागला तर मी हितंच हाय, कुठं जात न्हाई. मला खाली सोडा आन् झाकण लिंपा. लिंपायचं सामान माझ्या घरात हायेच."

पाटलांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या निळ्या ओठांकडे बघितलं, आणि वाट सोडा म्हणून हात केला. त्या दिवशी त्या बाईला नाही म्हणण्याची गावात कुणाची छाती नव्हती.

आम्ही वेशीतून बाहेर पडलो आणि ओढ्याच्या वाटेला लागलो. ती मधेमधे थांबून श्वास घेत होती. उंबर दिसायला लागल्यावर तिनं विचारलं, "आल्यापासनं सूर्याकडं बघतोयस. कुठं जायचंय तुला?"

या बाईशी खोटं बोलणं मला जमलं नाही. "लांब," मी म्हणालो. "मला भुईखालचं दिसत नाही, बाई. मी तुमच्यानंतरचा आहे. फार नंतरचा. तुम्ही सगळे होऊन गेल्यावर आम्ही ही जागा खणली. म्हणून ठाऊक."

ती घाबरली नाही. तिनं माझ्या हातांकडे बघितलं, दोरानं सोललेल्या, आणि बहुतेक त्यावरून ठरवलं, की हा माणूसच आहे.

"खणली," ती म्हणाली. "मंग आमच्या पेवांत काय घावलं?"

दुसरं कुणी असतं तर राजाचं विचारलं असतं, देवाचं विचारलं असतं, स्वतःचं मरण विचारलं असतं. तिनं पेवांचं विचारलं. आणि कुणाला काही सांगायचं नाही, असं मला बजावलेलं होतं.

"रिकामी होती," मी म्हणालो.

तिचा चेहरा पडला. "लुटली?"

"नाही. फोडलेली नव्हती. झाकणं उचलून नीट बाजूला ठेवलेली. आतून झाडून घेतलेलं. ज्यांनी धान्य काढलं त्यांना ते कुठं आहे ठाऊक होतं, आणि घाई नव्हती."

"म्हंजी आम्हीच काढलं."

"हो."

"आम्हीच खाल्लं." ती जरा हसली. दिवसभरात पहिल्यांदा. "चांगोला सांगायला पायजे व्हतं." मग हसू मावळलं. "आन् घरं?"

सूर्य टेकडीला टेकला होता. मी गप्प राहिलो, आणि तिनं माझ्या तोंडाकडे बघून काय वाचायचं ते वाचलं. ती वळून गावाकडे बघायला लागली. संध्याकाळचा धूर कुडांवरून वर चढत होता.

"जळली," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. मग बोटावर काही मोजावं तशी हळूहळू बोलायला लागली. "घरं जळली. पेवं कुणी दावली न्हाईत. मागनं आम्ही येऊन ती उघडली, झाडून घेतली. म्हंजी जळताना आम्ही घरात नव्हतो." ती थांबली. "असायला नको."

माझा निरोप घ्यायचं तिला सुचलं नाही. ती वळली आणि तशा दमलेल्या छातीनं गावाकडे पळत सुटली. मी उंबराखाली उभा राहिलो. वेशीशी तिचा घोगरा आवाज ऐकू आला, "राणूदादा, गुरं सोडा. बायापोरं डोंगरावर घ्यायची. आजच. मी सांगते पाटलांना." पुढचं ऐकू आलं नाही, कारण सूर्य बुडाला.

आम्ही मांदळी खणली तेव्हा राखेचा हातभर जाड थर लागला होता. कोनाकोपऱ्यातून, घराघरातून, सगळीकडे. जळालेले वासे, फुटलेली मडकी, दाव्याचा खुंटा. आणि एवढ्या राखेत माणसाचं एक हाड नव्हतं, गुराचंही नव्हतं. राखेच्या वर लगेच दुसरी जमीन होती, शेणानं सारवलेली, आणि तिच्यावर चुली. आम्ही पुष्कळ डोकं खाजवलं. गाव इतकं बेसावध जळावं आणि आत कुणीच नसावं, हे कसं? कुणी म्हणालं जत्रा असेल, कुणी म्हणालं साथ असेल. शेवटी मीच लिहिलं होतं, की रहिवासी आधीच निघून गेले होते, कारण कळत नाही.

परत आल्यावर ते वाक्य दुरुस्त करावं असं मला फार वाटलं. पण असल्या लिखाणाला पुरावा लागतो, आणि माझ्याजवळ एका बाईनं ओढ्याकाठी उच्चारलेले दोन शब्द आहेत, 'असायला नको'. बाकी सगळं तिनं धावत जाऊन केलं.